बर्फ राखणारी बाई बर्फ बघायला गेली

(धनज, ता. कारंजा, जि. वाशीम येथे ३ जानेवारी २०२५ रोजी सावित्रीबाई फुले जयंतीच्या महिला मेळाव्यात एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केले आहे. वक्त्या बाईंच्या इच्छेवरून त्यांचे नाव दिलेले नाही.)

मैत्रिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या दोन-चार भाऊमंडळींनो,

तुमच्यातल्या निम्म्या जणी मला ‘नर्सबाई’ म्हणून ओळखतात. तुमच्या लेकरांच्या मांडीला मी सुया टोचल्यात आणि मला पाहून लेकरं मागच्या दाराने पळालीत. १९८६ साली मी ए.एन.एम. म्हणून लागले तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला. जिल्हा बदलला, पण माझ्या पायवाटा त्याच राहिल्या. २०२२ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. इथल्या ताईंनी मला आरोग्यावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, आरोग्यावर छत्तीस वर्षं बोलले, आज एकदा बर्फावर बोलू द्या.

मागच्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, मी अंटार्क्टिकाला जाऊन आले. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, पण समोरासमोर कोणी विचारत नाही. पाठीमागे बोलतात. माझ्या थोरल्या बहिणीने मात्र तोंडावर विचारलं, “काय पायाले गेली होतीस वं माय तिथं? बर्फच पायाचा होता त कारंज्याचा गोळेवाला काय मेला होता?” मी हसले, पण उत्तर दिलं नाही. कारण किती खर्च आला हा तिचा पुढचा प्रश्न असणार हे मला माहीत होतं. तो आकडा मी तिच्यापासून दोन महिने लपवला. आज इथे सांगते. साडेआठ लाख रुपये.

हो, कुजबुज होणारच. ती होऊ द्या, मी थांबते.

आता बर्फाचं सांगते. माझी नोकरी म्हणजे बर्फाची राखण होती. लसीची ती निळी पेटी, व्हॅक्सिन कॅरिअर, तुम्ही माझ्या खांद्याला पाहिलीय. तिच्यात चार बाजूंना चार आइसपॅक आणि मध्ये लसीच्या कुप्या. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे. पोलिओची लस उन्हाने मरते. धनुर्वाताची लस उलट गोठली की मरते. म्हणून आइसपॅक फ्रीजरमधून काढला की लगेच पेटीत घालायचा नाही. त्याला घाम फुटू द्यायचा. कानाशी धरून हलवायचा, आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचा. हे मला प्रशिक्षणात शिकवलं, आणि पुढे मी किती मुलींना शिकवलं त्याची गणती नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात, भारनियमनाच्या दिवसांत, पेटी पोटाशी धरून एस.टी.च्या टपाला डोकं आपटत मी एकच विचार करायचे, माझा बर्फ टिकला पाहिजे. पल्स पोलिओची पहिली फेरी डिसेंबर १९९५ ला झाली. २७ मार्च २०१४ ला आपल्या देशाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. त्या प्रमाणपत्रावर कोणाच्या सह्या असतील त्या असोत, पण मधली अठरा वर्षं बर्फ वाहिला तो माझ्यासारख्या बायांनी.

बर्फाशी एवढं नातं, पण पाहिला तो प्लास्टिकच्या चपट्या डब्यात बंद असलेलाच.

दुसरं कारण त्याहून जुनं आहे. मी ए.एन.एम.च्या प्रशिक्षणाला होते तेव्हा वसतिगृहातल्या पेपरात बातमी आली की दोन भारतीय बायका अंटार्क्टिकाला पोचल्या. डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ, बंगालच्या. आणि डॉ. अदिती पंत समुद्रशास्त्रज्ञ, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या. त्यांचा जन्म १९४३ चा, आपल्या नागपूरचा. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून तिसरी भारतीय मोहीम निघाली, तिच्यात या दोघी होत्या. पहिल्या दोन मोहिमांत एकही बाई नव्हती. दक्षिण गंगोत्री हे आपलं तिथलं पहिलं ठाणं याच तिसऱ्या मोहिमेत उभं राहिलं. आम्ही सोळा पोरी एका खोलीत. त्या रात्री आमची चर्चा काय झाली असेल? विज्ञानाची नाही हो. त्यांनी कपडे कुठे वाळत घातले असतील? पाळी आली तर काय करत असतील? आडोसा कुठे असेल? हसून हसून पोट दुखलं. पण तो खरा प्रश्न होता, आणि जगानेही बायकांना तोच पुढे करून अडवलं होतं.

अमेरिकेच्या नौदलाने १९६९ पर्यंत आपल्या तिथल्या ठाण्यांवर बायकांना नेलंच नाही. कारण काय सांगायचे? तिथे बायकांची सोय नाही. शेवटी नोव्हेंबर १९६९ मध्ये सहा जणी विमानाने दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिली कोण हा वाद नको म्हणून सहाही जणी हातात हात घालून एकदम खाली उतरल्या. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे डॉ. कँवल विल्कू ‘मैत्री’ ठाण्यावर तिथल्या हिवाळाभर डॉक्टर म्हणून राहिल्या, ते २००० साल. इस्रोच्या मंगला मणी ५६ व्या वर्षी गेल्या, ‘भारती’ ठाण्यावर ४०३ दिवस राहिल्या, तेवीस जणांच्या तुकडीत एकट्या बाई.

‘सोय नाही’ हे वाक्य मला पाठ आहे. माझ्या पहिल्या उपकेंद्रात संडास नव्हता. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही ही सवय मला तिथे लागली, ती अजून आहे. तुमच्यापैकी कितीजणींना आहे ते मी विचारत नाही, मला माहीत आहे. मूतखड्याच्या केसेस मी पाहिल्यात. पण माझ्या बदलीच्या अर्जावर कोणी लिहिलं नाही की तिथे बाईची सोय नाही म्हणून बाईला पाठवू नका. राबायला पाठवताना सोय बघत नाहीत. सोय आठवते ती बाई आपल्या मर्जीने कुठे निघाली की.

पैशाकडे येते. मालक २००९ साली गेले. लेकाचं शिक्षण, लेकीचं लग्न, लेकाचं लग्न, घराची स्लॅब, सगळं झालं. निवृत्तीला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पैशाला दुसऱ्या कोणाचं नाव नाही. लेकाने पुण्यातल्या फ्लॅटचं नाव लगेच सुचवलं. तो वाईट मुलगा नाही. त्याला खरंच वाटत होतं की आईचे पैसे आणखी कशाला लागणार? पंधरा दिवस तो बोलला नाही. लेक मात्र रात्र-रात्र मोबाइलवर बसून माझ्यासाठी स्वस्त जागा शोधत होती. हंगामाच्या तोंडावर उरलेल्या जागा कमी दरात देतात, तीन बायकांच्या खोलीतली एक खाट मला तशी मिळाली.

बाईने घराबाहेर जायची कारणं ठरलेली आहेत. माहेर, बाळंतपण, मयत, दवाखाना, शेगाव, माहूर, पंढरपूर. मी वारीला नावं ठेवत नाही. वारीत बाया कशा मोकळ्या होतात ते मी औषधाची पेटी घेऊन सोबत चालताना पाहिलंय. पण नुसतं बघायला? कशाचं पुण्य नाही, कोणाची सेवा नाही? मोठ्या शहरातल्या एका कचेरीत कागदपत्रं द्यायला गेले, तर टेबलामागचा मुलगा म्हणाला, “मावशी, सोबत कोण आहे? नाहीतर मुलाचं संमतिपत्र आणा.” नियमात असं काही नव्हतं, त्याच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, “बाबा, रात्री दोन वाजता बाळंतपणाला शेतातून एकटी गेले तेव्हा सरकारने कधी माझ्या मुलाचं पत्र मागितलं नाही.” त्याने अर्ज घेतला.

आता प्रवास. अर्जेंटिना देशाच्या अगदी टोकाला उशुआया नावाचं गाव आहे, तिथून जहाज सुटतं. अशा सहलीला एक्सपिडिशन क्रूझ म्हणतात. नाचगाण्याचं मोठं जहाज नाही, शे-दोनशे माणसांचं छोटं. सोबत पक्ष्यांचे, बर्फाचे जाणकार असतात, आणि दिवसातून दोनदा रबरी होडीतून किनाऱ्यावर नेतात. बायकांची पिवळी जाकिटं, रबरी बूट आणि पँट! साठीला टेकलेल्या मी पहिल्यांदा पँट घातली. फोटो आहे मोबाइलमध्ये, नंतर बघा आणि हसा.

आधी दोन दिवस ड्रेक सामुद्रधुनी. तिचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते की जहाजाच्या बोळातल्या कठड्याला जागोजागी उलटीच्या पिशव्या खोवून ठेवलेल्या होत्या आणि त्या संपत होत्या. माझ्या खोलीत पोलंडची एक शाळामास्तरीण आणि ब्राझीलची दातांची डॉक्टर होती. माझं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं. पण उलटी करणाऱ्या बाईची पाठ चोळायला भाषा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सगळा बोळ मला ‘सिस्टर’ म्हणायला लागला. म्हटलं, इथेही ड्युटी चुकली नाही.

उतरण्याच्या आदल्या दिवशी एक तपासणी झाली, ती मी जन्मभर विसरणार नाही. प्रत्येकाचे कपडे, पिशव्या, खिसे, चिकटपट्ट्या व्हॅक्युम क्लीनरने साफ करायच्या. बाहेरचं बी-बियाणं तिथे जाता कामा नये. आपल्याकडचं एखादं गवत तिथे रुजलं तर उपटायला कोण जाणार? एका मुलीने माझी कापडी पिशवी उलटी केली, चिमट्याने शिवणीत शोधलं आणि वर धरलं. कुसळ! आपल्या धुऱ्यावरचं कुसळी गवत. इतकी विमानं बदलून ते माझ्यासोबत आलं होतं. तिने कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. मला, खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं. आणि ती मुलगी करत होती ते बरोबरच होतं.

त्या हंगामात बर्ड फ्लूची भीती होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो दक्षिण जॉर्जिया बेटांवर सापडला होता, आणि आम्ही परतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही त्याची खात्री झाली. म्हणून जाताना-येताना बूट जंतुनाशकात बुडवायचे. किनाऱ्यावर खाली बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी ठेवायची नाही. वऱ्हाडातल्या बाईला सांगा, तीन तास उभी राहा आणि उकिडवी बसू नको! पण नियम पटला. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. एका वेळी शंभराहून जास्त माणसं किनाऱ्यावर उतरवायची नाहीत, आणि पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला कोणालाच उतरवता येत नाही. खायचं नाही, आणि हो, लघवीही करायची नाही. जहाजावरच्या गोऱ्या बाया सकाळी चहाला हात लावत नव्हत्या. मला गंमत वाटली, सगळं जहाज माझ्या उपकेंद्रासारखं वागत होतं. फरक एवढाच की इथे बाप्यांनाही तोच नियम.

पेंग्विन आम्ही पाहिले ते जेंटू जातीचे. वर्षाच्या लेकराएवढी उंची. वास विचारू नका, कोंबड्यांचं खुराडं दहापट करा. खड्यांचं घरटं, आणि नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात, आळीपाळीने पिल्लांना भरवतात. आमच्यातली एक बाई लगेच नवऱ्याला म्हणाली, बघ, शिक. पण मी म्हणते, पक्ष्यांकडून समतेचे धडे काढू नयेत. तेच नर शेजाऱ्याच्या घरट्यातले खडे चोरतात आणि साळसूदपणे आपल्या बाईपुढे आणून ठेवतात. हंपबॅक जातीचा देवमासा होडीजवळ वर आला, श्वास सोडला, शेपूट दाखवून गेला. विसाव्या शतकात माणसाने त्या समुद्रात देवमासे लाखांनी मारले. व्यापारी शिकार थांबवायचं जगाने ठरवलं ते १९८६ पासून, म्हणजे मी नोकरीला लागले त्या वर्षी.

आणि बर्फ. तुम्हाला वाटत असेल पांढरा. तो निळा आहे. हजारो वर्षं वरच्या थराच्या भाराने दाबून दाबून त्यातली हवा निघते, मग तो उजेडातला तांबडा रंग गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो. थंडी म्हणाल तर शून्याच्या आसपास, वारा मात्र कापून काढतो. जानेवारीत रात्र जवळजवळ नाहीच. एका खाडीत आमच्या नावाड्याने होडीचं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. बर्फाचे तुकडे पाण्यावर तरंगत होते आणि तडतड तडतड आवाज येत होता, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा. आत कोंडलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे फुटत होते. नावाड्याने एक तुकडा उचलून हातात दिला. मी काय केलं असेल? कानाशी धरून हलवला. छत्तीस वर्षांची सवय.

त्या जमिनीला सातबारा नाही. सात देशांनी तिच्यावर हक्क सांगितला आहे, पण १९५९ च्या कराराने ते सगळे दावे गोठवून ठेवले. आपला देश १९८३ साली त्या करारात गेला. होडीत बसून मला शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती आठवली. बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सभा झाल्या होत्या, मीही ऐकायला गेले होते. इथल्या किती जणींच्या नावावर वावर आहे? हात वर करा. ... चार.

तुम्ही म्हणाल बाई मजा करून आली. आता जे मला टोचतं ते सांगते.

आमची खोली झाडायला फिलिपाइन्सची एक मुलगी यायची. तिचं तीन वर्षांचं लेकरू तिच्या आईकडे. कित्येक महिन्यांचा करार, रोज दोन वेळा खोल्या, चादरी, संडास. मी तिला विचारलं, तुझ्या खोलीला खिडकी आहे का? नाही म्हणाली, तिची खोली खाली आहे, पाण्याच्या रेषेखाली. तीन हंगाम तिने काम केलं, किनाऱ्यावर पाऊल ठेवलं ते एकदा, सुट्टीच्या दोन तासांत. मी पैसे देऊन बघायचा हक्क विकत घेतला होता आणि माझं जग बघून होण्यासाठी तिने न बघता राबायचं होतं. मी तिला निरोपाचे पैसे दिले. तिने घेतले. याने काही फिटलं असं मला वाटत नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट. जहाजावर रोज संध्याकाळी व्याख्यान असायचं. एका मार्गदर्शक मुलीने चिलीतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला २०२२ सालचा अभ्यास सांगितला. जहाजांच्या, इंजिनांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते. पांढरा बर्फ जरा काळवंडतो, ऊन जास्त पितो आणि लवकर वितळतो. त्यांनी काढलेला हिशेब असा की २०१६ ते २०२० या काळात एकेका पर्यटकामागे साधारण ८३ टन बर्फ वितळला. १९६६ साली अशा एक्सपिडिशन सहली सुरू झाल्या तेव्हा काही डझन माणसं होती. मी गेले त्या एका हंगामात १ लाख २० हजारांहून जास्त.

मी खोलीत येऊन वहीत हिशेब मांडला. आपला आइसपॅक चारशे मिलीचा. ८३ टन म्हणजे दोन लाखांहून जास्त आइसपॅक. माझ्या सगळ्या नोकरीत मी पंधरा हजारही उचलले नसतील. जिने आयुष्यभर बर्फ वितळू दिला नाही त्या बाईने दहा दिवसांत एवढा वितळवला. पोलंडच्या बाईला दाखवलं. तिने बराच वेळ आकड्याकडे पाहिलं आणि वही परत दिली.

मग मी जायला नको होतं का? मला दोन्ही बाजूंनी विचारतात. लेक म्हणते, आई, जगभरचे पैसेवाले पुरुष शंभर वर्षं फिरले तेव्हा कोणी धूर मोजला नाही, तू गेलीस तेव्हाच कसा मोजायचा? हे बोलणं गोड लागतं, पण मी त्याच्या आड लपणार नाही. बर्फाला काय कळतं काजळी बाईची की बाप्याची. मी परत जाणार नाही, आणि तुमच्यापैकी कोणी साठवून जा असंही सांगणार नाही. पण गेले याची माफीही मागत नाही. विशेषतः त्यांच्याकडे नाही, ज्यांचा आक्षेप बर्फासाठी नसून बाईने स्वतःवर खर्च केला यासाठी आहे. हे दोन आक्षेप वेगळे आहेत. पहिला मी रोज स्वतःला घेते. दुसरा घेणाऱ्याने आधी आपल्या घरातल्या बाईच्या पासबुकावर सही कोणाची चालते ते सांगावं.

बहिणीला मी शेवटी आकडा सांगितला. ती म्हणाली, “इतक्या पैशात वावर आलं असतं वं.” खरं आहे, आलं असतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “तो आवाज कसा म्हणतं तू, लाह्यावानी?” मी मोबाइलवर लावून दाखवला. तिने तीनदा ऐकला.

आता तुम्ही विचारा. पैशाचं आधी विचारलं तरी चालेल. विमान, व्हिसा, विमा, कपडे, जहाज, सगळ्याचा हिशेब एका कागदावर लिहून आणलाय. तो मागून फिरवते, वाचून परत द्या.